ताई भलत्याच गाण्याला रडली

सिनेमात मी कुठे रडते, हा आमच्या घरातला फार जुना विनोद आहे. माझे भाचे सांगतात, मावशी पाट्या पडायला लागल्या की रडते. निर्मात्याचं नाव येईपर्यंत तिचा पदर ओला होतो. यात अतिशयोक्ती आहे. निर्मात्याच्या नावाला मी कधीच रडलेले नाही. संगीतकाराच्या नावापर्यंत मात्र मला धरवत नाही, कारण तिथे व्हायोलिनं एकदम वर चढतात, आणि व्हायोलिनं वर चढली की माझ्या नाकाला काहीतरी होतं. पुढचं चित्र हाणामारीचं असलं तरी मग माझा इलाज नसतो.

लोक म्हणतात, गाण्याचे शब्द काळजाला भिडतात. भिडत असतील. माझ्या काळजाचा पत्ता शब्दांना कधी सापडला नाही. मला पकडतं ते मधलं वाजवणं. दोन कडव्यांच्या मधे, गाणारी बाई श्वास घेत असते तेव्हा जे वाजतं ते. त्याला ना नाव, ना शब्द. रेकॉर्ड संपल्यावर ते कुणाला धड गुणगुणताही येत नाही. पण हे मला माझ्या रडण्यावरून कळलं नाही. मी कशालाही रडते, त्यावरून काय कळणार? ते कळलं ताईच्या रडण्यावरून. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. ती उभ्या आयुष्यात सिनेमात एकाच गाण्याला रडली आणि तेवढ्यावरून तिचं ठरत आलेलं लग्न मोडायला निघालं.

ते दिवसच अधांतरी होते. डहाणू कुठल्या राज्यात जाणार, मराठी की गुजराती, यावर बाजारात रोज भांडणं व्हायची. बाबा म्हणायचे, "गावाचंच सासर ठरेना, मग पोरीचं कुठून ठरायचं!" आमची समुद्राच्या अंगाला चिकूची वाडी होती, खाऊनपिऊन बरं चाललं होतं. पण ताईची चोविशी उलटली होती. बोर्डीच्या शाळेतल्या तिच्या सगळ्या मैत्रिणी कडेवर पोरं घेऊन माहेरपणाला यायच्या. दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि दोन्ही नकार पोहे खाऊन, चहा पिऊन, वर वाडीतले चिकू बांधून नेल्यावर आलेले. दुसऱ्या नकारानंतर बाबांनी जाहीर केलं, "आता या घरात मुलगी दाखवणं बंद."

अशा वेळी आमच्या भागात एक तोड होती, ती म्हणजे तंबू. पावसाळा सरला की फिरती टॉकीज यायची. मोकळ्या जागेत तंबू ठोकायचे, बाहेर इंजिन धडधडायचं, आत मधोमध दोरी बांधलेली. इकडे बायका, तिकडे पुरुष. ज्यांना गाजावाजा नको असायचा अशी दोन्हीकडची माणसं एकाच खेळाला 'सहज' यायची. मुलाकडच्या बायका मुलीजवळ चटई टाकायच्या, मुलगा दोरीपलीकडून मान वाकडी करायचा. जमलं तर उत्तम. नाही जमलं तर कुणी कुणाला बघायला आलंच नव्हतं, सगळे सिनेमाला आले होते. नकार असा येतच नाही, त्यामुळे तो लागतही नाही.

तलासरीचं स्थळ मामीने आणलं. मुलगा गवताच्या वखारीवर काम बघायचा. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. मामीने सांगितलं, "मुलगा गाय आहे. आई मात्र वाघीण. पण वाघीण दिलदार आहे हं."

जायच्या दिवशी आईने सगळी ताकीद मला दिली. ताईला काही सांगायची गरजच नसायची.

"तू रडायचं नाहीस."

"नाही रडणार."

"त्यांना वाटेल, या घराण्यात रोगच आहे. ताईचं तोंड बघायला आलेत ते, तुझं नाक नाही."

मी शपथ घेतली. खरं तर मला घरीच ठेवायचं घाटत होतं, पण दोघी बहिणींपैकी एकच आली तर दुसरीत काही खोट आहे अशी शंका येते, म्हणून मला नेलं.

दिवेलागणीचा पहिला खेळ होता. मुलाची आई आमच्याआधीच येऊन बसली होती. ठसठशीत बाई, मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. ती बसलीच अशी तिरकी की एक डोळा पडद्यावर आणि एक ताईवर. मुलाचा मला दोरीपलीकडे पांढरा सदरा तेवढा दिसला. पाट्या सुरू झाल्या, व्हायोलिनं चढायला लागली, आणि मी वेणीचं टोक दातांत घट्ट धरलं. नाक वाचलं.

मधल्या भागात नायकाची आई मेली. त्यावर एक गाणं होतं, भलतंच करुण. बायकांच्या बाजूला एकच हलकल्लोळ. मुलाच्या आईने अडकित्ता खाली ठेवून डोळ्याला पदर लावला. आमची आई रडली, मामी रडली, मी वेणी चावून चावून अर्धी केली. ताई भुईमुगाच्या शेंगा सोलत होती.

आईने तिला कोपर मारलं. "अगं, थोडं तरी रड. दगड म्हणतील."

"पण मला येत नाहीये."

मग आलं सुगीचं गाणं. पोरी हातात विळे घेऊन शेतात नाचतात, ढोलकी, टाळ्या, सगळा धिंगाणा. पुरुषांच्या बाजूने शिट्ट्या. दुसऱ्या कडव्याआधी एक जागा होती. सगळी वाद्यं वाजता वाजता एकदम थांबतात, ढोलकीसुद्धा. आणि एकच वाजत राहतं. मला तेव्हा ती पिपाणी वाटली, पुढे कळलं त्याला क्लॅरिनेट म्हणतात. बाकीचे गप्प झालेत हे जसं काही तिला कळलंच नाही. ती आपली एकटीच वाजते, थोडी अडखळते, पुन्हा वाजते. आणि मग सगळे एकदम परत येतात.

मी बाजूला बघितलं तर ताईच्या गालावरून धारा लागल्या होत्या. पुसायचंसुद्धा भान नाही. टरफलं मांडीवर तशीच.

तेवढ्यात पुरुषांच्या बाजूने आरडाओरडा सुरू झाला, "वन्स मोअर! वन्स मोअर!" तंबूत ते चालायचं. ऑपरेटरने रीळ उलटं फिरवून गाणं पुन्हा लावलं, पोरी पुन्हा नाचल्या, सगळे पुन्हा थांबले, आणि ताई पुन्हा रडली. त्याच जागी. या खेपेला मुलाची आई पडद्याकडे बघतच नव्हती. दोन्ही डोळे ताईवर.

निरोप घेऊन मामी आली तेव्हा आम्ही ओट्यावर चिकू निवडत होतो. मामी बसली नाही, त्यावरूनच आईने ओळखलं.

"मुलगी पसंत आहे हो. रंग, उंची, सगळं. पण..."

"पण काय?"

"त्या म्हणतात, मुलीचं मन दुसरीकडे आहे. पडद्यावर आई मेली तेव्हा डोळा कोरडा, आणि पोरी नाचायला लागल्यावर रडू? म्हणाल्या, मी पण बाई आहे, मलाही कळतं. लग्नाकार्याच्या, हसण्यानाचण्याच्या गाण्याला रडते ती पोरगी कुणाला तरी आठवत असते. उद्या माझ्या मुलाच्या गळ्यात दुसऱ्याची आठवण नको."

आईच्या हातातला चिकू तसाच राहिला. तिने ताईकडे बघितलं. "आहे का गं कुणी?"

"कुणी नाही."

"मग का रडलीस?"

"गाणं चांगलं होतं."

"चांगलं होतं म्हणून कुणी रडतं?" बाबा म्हणाले.

ताईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ही नाही का?"

"हिचं सोड गं," तिघंही एकदम म्हणाली.

त्यानंतर घरात कुणाचं चित्त ठिकाणावर नव्हतं. आई स्वयंपाकघरातून ओटीवर यायची, काहीतरी विचारायला तोंड उघडायची आणि परत जायची. बाबा वाडीत चकरा मारायचे. आमच्या करंड्या नावाजलेल्या होत्या, पण त्या दिवसांत लहान-मोठे चिकू एकाच करंडीत भरून मुंबईला रवाना झाले. मी ताईच्या पेटीत डोकावून आले. फोटो नाही, चिठ्ठी नाही, वाळलेलं फूलसुद्धा नाही. मला जरा निराशाच वाटली. आणि जिच्यावरून हे सगळं चाललं होतं ती शांतपणे झावळ्यांचे हीर काढत बसली होती, झाडूसाठी. फक्त मधेच तिचा हात थांबायचा, आणि मला वाटायचं, तिला ते वाजवणं ऐकू येतंय. मला यायला लागलं होतं.

मग दुसरा निरोप आला, आणि तो पहिल्याहून विचित्र होता. तंबू डहाणूहून हलून तलासरीला गेला होता. मुलाच्या आईचं म्हणणं, मुलीला घेऊन या, माझ्या शेजारी बसवा, मी तोच सिनेमा पुन्हा बघते. त्याच जागी तशीच रडली तर रडू गाण्याचं आहे, माझी काही हरकत नाही. नाही रडली, तर ते रडू कुणाचं होतं ते तिचं तिला ठाऊक.

बाबा भडकले. "मुलगी आहे की वांगं, दोनदोनदा दाबून बघायला? सांग त्यांना, नाही येत."

"जाऊ या," ताई म्हणाली.

असं ती कधी मधे बोलायची नाही.

"मला ते गाणं परत ऐकायचंय," ती म्हणाली.

बाबा आले नाहीत. आई, मामी, ताई आणि मी बसने निघालो. सबंध रस्ता आई ताईच्या मागे लागली होती.

"या वेळी रड हं. त्याच जागी. आधी नको, नंतर नको."

"ठरवून कसं रडणार, आई?"

मला वाटलं, निदान या विषयात तरी आपल्याला कुणी विचारावं. मी म्हटलं, "पापणी हलवायची नाही. एकटक बघत राहायचं, आपोआप पाणी येतं."

"तू गप्प बस. आणि तू अजिबात रडू नकोस."

मामी म्हणाली, "फार रडली तरी पंचाईत हो. म्हणतील, जुनं प्रकरण दिसतंय."

मग किती रडावं यावर दोघींचं वाजलं. शेवटी ठरलं, गालावर दिसेल इतपत, पण हुंदका नको. ताई खिडकीबाहेर बघत होती. हाताची बोटं मात्र एकमेकांत गुंतवत होती, सोडवत होती, पुन्हा गुंतवत होती.

मुलाच्या आईने तंबूच्या दाराशीच ताईचा हात धरला तो सोडलाच नाही. आत तिला शेजारी बसवून घेतलं, नाडी बघायला बसावं तशी. मुलगा आला नव्हता; वखारीवर गवत यायचे दिवस होते. खेळ सुरू झाला. पाट्या कशा गेल्या, माझं नाक कसं राहिलं, काही आठवत नाही. कधी नव्हे ते मी सिनेमा भराभर पुढे सरकायची वाट बघत होते. नायकाची आई मरायला एवढा वेळ लावते हे मला पहिल्यांदाच जाणवलं. एकदाची मेली. तंबूभर रडारड. मुलाची आई रडली, पण हात न सोडता. ताई कोरडी.

आता सुगी. पिकलेलं शेत दिसलं. पोरी आल्या, विळे उचलले, ढोलकीची एक थाप पडली, आणि पडद्यावर पांढऱ्या रेघांचा पाऊस होऊन एकदम नायक आगगाडीत बसलेला. गाणं नाहीच!

पुरुषांच्या बाजूने बोंब उठली. कुणी माती उधळली. आमच्या आईने कपाळाला हात लावला. ताई पडद्याकडे बघतच होती, नायकाच्या आगगाडीमागे ते शेत असेल अशा आशेने. आणि मुलाची आई? ती उठली. ताईचा हात धरूनच उठली, आणि तिच्या मागे आमची वरात. बसलेल्या बायकांच्या अंगावरून, पानाचा डबा काखेत मारून, ती तंबूबाहेर ऑपरेटरच्या खोक्यापाशी गेली. रीळ बदलायला खेळ थांबलाच होता.

"गाणं कुठंय?"

"गेलं, मासी."

"गेलं? पाय होते त्याला?"

"प्रत्येक गावात वन्स मोअर, वन्स मोअर. उलटं फिरवून फिरवून तिथलीच पट्टी झिजली. काल तुटली ती जोडताच येईना. कापून टाकली."

"टाकली कुठे?"

त्याने पायाजवळच्या डब्यातून हातभर तुकडा काढून दिला. तिने तो दिव्यासमोर धरला. त्यात नखाएवढ्या पोरी विळे घेऊन उभ्या होत्या, एकीखाली एक.

"यात आवाज कुठंय?"

"ही कडेची रेघ आहे ने, करवतीच्या दातांसारखी, तोच आवाज."

ती बाई त्या रेघेकडे बघत राहिली. मग तुकडा ताईच्या हातात देऊन म्हणाली, "दाखव. कुठे रडलीस तू?"

मी आजवर बरेच सिनेमे पाहिले, पण असा प्रसंग कुठे पाहिला नाही. आई डोळे मिटून देवाचं नाव घेत होती. ताईने तुकडा उजेडात वर-खाली केला. "यात नाही कळत, काकू."

"मग बाई, तूच म्हणून दाखव. मी पुन्हा सिनेमाला आले ती उगाच?"

ताई कधी कुणासमोर गात नसे. मंगळागौरीलासुद्धा ती टाळ्या वाजवायची, तोंड उघडायची नाही. आम्ही इंजिनाच्या आवाजापासून लांब, चिंचेखाली जाऊन उभ्या राहिलो. तिने शब्द म्हटलेच नाहीत. ओठ मिटून ढोलकीची चाल धरली, आणि मग थांबली. आणि त्या पिपाणीचं वाजवणं नुसतं 'ऊं ऊं' करत म्हणायला लागली. आवाज काही गोड नव्हता. एका ठिकाणी अडखळलीसुद्धा, पण ते वाजवणंच तसं होतं. शेवटचा सूर तिने लांबवला आणि गप्प झाली. पुढचं म्हणालीच नाही.

"मग?" मुलाच्या आईने विचारलं.

"इथे सगळे थांबतात ना, तेव्हा ती एकटीच राहते. बाकीचे परत येणार की नाही, ते कळत नाही."

"येतात की नाही?"

"येतात."

"मग रडायचं कशाला?"

"येतात तेव्हाच रडू येतं," ताई म्हणाली.

इंजिन धडधडत होतं. मुलाच्या आईने डबा उघडला, सुपारी घेतली आणि अडकित्त्यात धरून ठेवली, कातरली नाही. ताईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. कुणीतरी मोठ्याने हुंदका दिला. ती अर्थात मी होते. आजवर इतके हुंदके दिले, पण आपल्या हुंदक्याचा इतका राग मला कधी आला नव्हता.

"ही कोण?"

"धाकटी," आई मेल्याहून मेल्यासारखी म्हणाली.

"हिचं जमवताना तंबूत आणू नका हो." आणि मग ताईकडे वळून, आवाज जरा खाली आणून, "माझं माणूस गेलं तेव्हा घर भरलं होतं, तोवर मी रडले नाही. तेराव्यानंतर सगळी आपापल्या गावाला गेली. एके दिवशी मुलगा शाळेतून दप्तर टाकत 'आई' म्हणून आत आला, तेव्हा रडले. लोकांना वाटलं, आता कशाला रडते ही." तिने सुपारी कातरली. "बरं. पोरगी खोटी नाही."

आईला काही बोलायचं होतं, पण ताई आधी बोलली. त्या काळात मुलीने असं विचारायचं नसतं, आणि विचारायचंच झालं तर होणाऱ्या सासूला तर नाहीच.

"त्यांना काय वाटलं? मी रडले ते?"

"कुणाला? त्याला?" मुलाची आई पहिल्यांदा हसली. "त्याला काय वाटायचंय! तो झोपला होता. पहाटेपासून गाड्या भरत होता, अंधार झाल्यावर कसली मान वर राहते. नायकाच्या आईचं दुखणं सुरू व्हायच्या आत हा घोरत. घरी येऊन मी म्हटलं, मुलगी रडली रे. तर म्हणतो, मुलगी दारातून आत जाताना पाहिली, बरी आहे, तू उगाच फाटे फोडू नकोस."

ताई हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. आम्ही सगळ्या गेले कित्येक दिवस ज्या माणसाला काय वाटलं असेल म्हणून झुरत होतो, त्याला शंकाच नव्हती. तो झोपला होता! मामीही हसली, आणि ऑपरेटरने आतून हाक मारली की खेळ सुरू होतोय, येताय का, तेव्हा कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

"मग आमच्याकडून हो," मुलाची आई आमच्या आईला म्हणाली. "तुम्ही घरी विचारून कळवा, बेन."

"हो," ताई म्हणाली.

"अगं, बाबांना—"

"माझं हो आहे," ताई म्हणाली.

मेव्हणे आजही सिनेमात झोपतात, तो आमच्या घरातला दुसरा विनोद. ताई त्यांना उठवत नाही.

पण त्या रात्री परतीच्या बसमध्ये सगळं उलटंपालटं झालं. इतक्या दिवसांचा घोर उतरलेली आई बसल्या बसल्या मामीच्या खांद्यावर मान टाकून झोपली. आणि इतके दिवस हीर काढत शांत बसलेल्या ताईला जागेवर बसवेना. ती पदर काढायची, खोचायची. बस एवढी हळू का जातेय, म्हणायची. खिडकी उघडली, वारा लागतो म्हणून लावली, कोंदट वाटतं म्हणून पुन्हा उघडली. मग माझं मनगट धरलं.

"मी हो म्हटलं का गं?"

"म्हटलंस."

"मोठ्याने?"

"इंजिनाच्या वरून ऐकू आलं."

"बाई गं," ताई म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "आता काय करायचं?"

मला काय ठाऊक? मी सरकून तिला खिडकीशी आणखी जागा करून दिली.